लैंगिक अत्याचारानंतरचं समुपदेशन: पाठवायचं कुठे आणि आत नक्की काय चालतं? (ठाणे, नवी मुंबई)

खारीगाव_कट्टा

कळवा, विटावा, खारीगाव या पट्ट्यात आमचं बचत गटांचं काम चालतं. हप्त्याच्या मीटिंगनंतर एखादी बाई मागे रेंगाळते आणि मग कळतं की तिच्यावर, तिच्या मुलीवर किंवा पुतणीवर काय गुदरलंय. कधी चार दिवसांपूर्वीचं असतं, कधी पंधरा वर्षांपूर्वीचं. गटप्रमुख बायका 'काउन्सेलरकडे जा' म्हणतात आणि तिथेच थांबतात, कारण पुढचं कुणालाच धड माहीत नाही. ज्या जातात त्यातल्या काही पहिल्या सेशननंतर फिरकतच नाहीत. 'तिथेही पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं' ही त्यांची तक्रार.

जाणकारांना विचारायचंय: सेशनमध्ये कशानंतर काय व्हायला हवं? साधारण किती सेशन लागतात? समोरचा माणूस शिकलेला आहे की नुसती पाटी लावून बसलाय, हे बाहेरून कसं ओळखायचं? पोलिसांत न जाता उपचार मिळतात का? 'मन खंबीर ठेवा' छापाची उत्तरं कृपया नकोत, ती गटात रोज मिळतात.

उपवन (क्लिनिकल सायकॉलॉजी)

आधी एवढंच विचारा: घटना होऊन किती वेळ झाला? पाच दिवसांच्या आतली असेल तर आधी हॉस्पिटल, समुपदेशन नंतर. तिथे तासांचा हिशोब असतो, तो कायद्यातल्या कुणीतरी लिहावा. मी सेशनचं लिहितो.

पहिलं सेशन पन्नास ते साठ मिनिटांचं. बसायची जागा तिने निवडायची, शक्यतो दार दिसेल अशी. दार लावण्याआधी तिला विचारायचं. सोबत आलेली आई, सासू किंवा नवरा बाहेर थांबेल. तिला सोबत हवी असेल तर ती आत बसेल, पण ते ठरवणार ती. सुरुवातीलाच काउन्सेलरने सांगायचं की इथलं बोलणं बाहेर जात नाही, अपवाद दोन-तीन: तिच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाच्या जिवाला असेल, किंवा ती अठरा वर्षांखालची असेल. हे आधी न सांगता शेवटी सांगणं म्हणजे विश्वासघात, आणि मुली त्यामुळेच परत येत नाहीत.

घटनेबद्दल पहिल्या दिवशी मथळ्यापुरतंच विचारायचं. काय प्रकारचं, साधारण कधी, आणि तो माणूस आज तिच्या आसपास आहे का. बास. बाकीचा वेळ आजच्या जगण्यावर द्यायचा: झोप किती, जेवण जातं का, दारू किंवा गोळ्यांचा आधार सुरू झालाय का, घरात कुणाला माहीत आहे, रात्री कोणत्या खोलीत झोपते, कडी आतून लागते का. आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने डोक्यात कल्पना घुसते ही समजूत चुकीची आहे. येत असतील तर पुढचा प्रश्न साधनाचा: घरात उंदराचं औषध, गोळ्यांची स्ट्रिप, गच्चीची किल्ली. ती साधनं त्याच दिवशी हलवायची.

शेवटची दहा मिनिटं तिला आजच्या दिवसात परत आणायला राखून ठेवायची. घरी कशी जाणार, वाटेत कोण, गेल्यावर काय खाणार. बावन्नाव्या मिनिटाला रडत असलेल्या मुलीला 'पुढच्या मंगळवारी बोलू' म्हणून रिक्षात बसवणं हा मी बघितलेल्या रेफरल्समधला सर्वात घातक प्रकार.

'सगळं एकदा ओकून टाक, मोकळं वाटेल' हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की तो खरा वाटतो. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलून घेण्याची जी पद्धत होती, ती वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्याने पुढचा त्रास टळत नाही. सांगायचंच नाही असा याचा अर्थ नव्हे. ती आपणहून सांगत असेल तर ऐकायचं, मधे खोदून विचारायचं नाही, आणि 'ओरडली का नाहीस', 'पळाली का नाहीस' हे तर कधीच नाही. अशा क्षणी शरीर लाकडासारखं ताठ होणं, आवाज न फुटणं हा मज्जासंस्थेचा प्रतिसाद आहे. तो इच्छेने थांबत नाही. कित्येक जणी वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत असतात तो नेमका याच गोष्टीवरून, त्यामुळे ही माहिती पहिल्या-दुसऱ्या सेशनलाच द्यायची.

पहिल्या महिन्यात दचकणं, भयस्वप्नं, बधिरपणा, आंघोळीला तास लागणं हे बहुतेकांना होतं आणि पुष्कळ जणींचं आपोआप उतरतं. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, हे निदान लक्षणं महिन्याच्या वर टिकली तरच करतात. मेंदूतली धोक्याची यंत्रणा तेव्हा सोसायटीत मांजराने बॉनेटवर उडी मारली तरी कोकलणाऱ्या कार-अलार्मसारखी झालेली असते. तो अलार्म खाली आणायची साधनं पहिल्या काही सेशनमध्ये शिकवतात.

त्यातलं एक इथे नीट लिहितो, कारण गटातल्या बायकाही ते करू शकतात. मुलगी बोलता बोलता एका जागी टक लावून थांबली, हाक मारली तरी ओ देत नाही, हात गार पडले, तर ती त्या क्षणी तिथे नसते. अशा वेळी तिला हात लावायचा नाही, खांदा धरून हलवायचं तर नाहीच. दोन-तीन फुटांवर समोर बसून साध्या आवाजात तिचं नाव घ्यायचं, आज वार कोणता, आपण कुठे आहोत ते सांगायचं. मग: 'पाय जमिनीला दाब. फरशी गार आहे का? या खोलीतल्या निळ्या रंगाच्या तीन गोष्टी मला सांग.' हातात गार पाण्याचा पेला किंवा बर्फाचा खडा द्यायचा. श्वास सांगायचा तर बाहेर सोडण्यावर भर: चार मोजून आत, सहा ते आठ मोजून बाहेर. आणि डोळे उघडे. 'डोळे मिटून शांत बस' हे इथे उलटतं, कारण मिटलेल्या डोळ्यांपुढे तेच येतं. याच कारणासाठी नुकतंच घडलेल्या मुलीला दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवू नका, आणि योगाच्या वर्गाला जात असेल तर शिक्षिकेने हात लावून आसन सुधारायचं नाही हे आधी सांगून ठेवा.

पाटीबद्दल. 'काउन्सेलर' अशी पाटी आज कुणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. तो नोंदणी क्रमांक परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येतो. गोळ्या सायकॉलॉजिस्ट देत नाहीत, त्या डॉक्टर देतात; मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलेलेही उत्तम समुपदेशक असतात, पण मग ट्रॉमाचं, म्हणजे मानसिक आघाताचं, वेगळं प्रशिक्षण कोणतं झालंय ते विचारायचं. फोनवर विचारायला तीन प्रश्न पुरतात: अशा केसेस घेता का, कोणती पद्धत वापरता, पहिल्या सेशनला काय करता. 'आम्ही सगळ्याच केसेस घेतो, या तर खरं' असं उत्तर आलं की दुसरा नंबर फिरवा.

जागा म्हणाल तर कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मानसोपचार ओपीडी आहे, वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं असल्याने. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही ओपीडी आहे. ते १९०१ पासूनचं, त्यामुळे 'ठाण्याला पाठवतील' हा विनोद घरोघरी आहे आणि बायका तिथे जायला कचरतात. ओपीडीचा केसपेपर काढला म्हणजे भरती केलं असं होत नाही, हे गटात एकदा स्पष्ट सांगा. खाजगीत आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून ठाण्यात आहे, मराठीतून काम चालतं. रात्री-अपरात्री टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीतही बोलता येतं.

कोर्टनाका (वकील)

उपवन यांनी सोडलेला भाग.

घटनेला ७२ तास व्हायच्या आत हॉस्पिटल गाठलं तर एचआयव्ही टाळण्याची औषधं सुरू करता येतात. ती २८ दिवस घ्यायची, आणि जितक्या लवकर सुरू तितकी चांगली. गर्भ राहू नये म्हणून लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची गोळीही ७२ तासांत. १२० तासांपर्यंत देतात पण परिणाम उतरत जातो. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताचं बघतात. पुराव्याचे नमुने केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. आंघोळ केली असेल, कपडे धुतले असतील तरी जायचंच. कपडे असतील तर ते वाळवून कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि नमुना बाद होतो. बहुतेक घरांत नेमकं प्लास्टिकच वापरलं जातं.

उपचार नाकारता येत नाहीत. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक हॉस्पिटलने बलात्कार पीडितेला मोफत प्रथमोपचार आणि वैद्यकीय उपचार द्यायचे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे; न दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत शिक्षा. 'आधी एफआयआर आणा' हे ऐकवलं गेलं तर या दोन कलमांचे आकडे उच्चारा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. हॉस्पिटलला पोलिसांना कळवावं लागतं हे खरं. पण सज्ञान बाईला जबाब द्यायचा नसेल तर ती तसं लिहून देऊ शकते. तपासणी, नमुने आणि पोलीस, तिन्हींची संमती वेगवेगळी असते आणि एकाला नाही म्हटलं म्हणून उपचार अडत नाहीत. दोन बोटांची चाचणी (योनीमार्गाची बोटांनी केलेली तपासणी) सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली, २०२२ मध्ये ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं म्हटलं. कुणी करू लागलं तर नाही म्हणायचं.

गर्भ राहिला असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर बलात्कार पीडितेला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. २० नंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं.

मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर नियम वेगळे. पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ खाली ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि यात तुमच्या गटप्रमुखही आल्या. न कळवल्यास कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. म्हणून 'कुणाला नाही सांगणार, शपथ' असं अल्पवयीन मुलीला म्हणू नका. बालकल्याण समितीकडून सहायक व्यक्ती मागता येते, ती कोर्टाच्या शेवटापर्यंत सोबत असते. चाइल्डलाइन १०९८.

तक्रार द्यायचीच असेल तर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचा वाद घालता येत नाही. जबाब महिला अधिकारी घेईल, तोही पीडितेच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी. एफआयआरची प्रत फुकट. खटला बंद दाराआड चालतो. जुन्या घटनेला 'आता मुदत संपली' असं सांगून परत पाठवतात. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदतीचं बंधन नाही. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर जुना भारतीय दंड संहिता कायदा लागतो, एवढाच फरक.

पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्य सरकारची मनोधैर्य योजना २०१३ ची, २०१७ मध्ये सुधारली. गुन्ह्याच्या प्रकारानुसार कमाल दहा लाखांपर्यंत मदत आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्यासाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात. वकील मोफत हवा असेल तरी तेच कार्यालय, हेल्पलाइन १५१००. वन स्टॉप सेंटरचा रस्ता १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारा. तिथे वैद्यकीय, पोलीस, कायदा, समुपदेशन एका छताखाली मिळतं आणि पाच दिवसांपर्यंत राहताही येतं.

एक जाता जाता. पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७२. गटाच्या व्हॉट्सअॅपवर 'आपल्या अमुक नगरमधल्या भाजीवालीची मुलगी' असं टाकणंही अंगावर येऊ शकतं.

खारघर_सेक्टर_बारा

वरच्यात एक भर. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे इथल्यांनी ठाणे कोर्टात जाऊ नका. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे असले तरी जिल्हा रायगड, त्यामुळे विधी सेवा प्राधिकरण अलिबागचं. ऐरोली ते बेलापूर मात्र ठाणे जिल्ह्यात. या घोळात अर्ज महिनाभर फिरत राहतो.

पारसिक (ट्रॉमा थेरपी)

उपवन यांच्या पहिल्या सेशनच्या वर्णनाशी पूर्ण सहमत. पुढच्या भागाबद्दल मात्र बोलायला हवं, कारण आपल्याकडे उलटी चूकही तितकीच होते. सहा महिने, वर्षभर नुसते श्वास, नुसतं ग्राउंडिंग (वर सांगितलेलं पाय दाबणं, निळ्या गोष्टी शोधणं), नुसतं 'आज कसं वाटतंय'. मुलीला बरं वाटतं, ती येत राहते, आणि भयस्वप्नं तशीच. काउन्सेलरलाच त्या विषयाला हात लावायची भीती वाटत असते, आणि त्या भीतीला 'अजून तिची तयारी नाही' असं नाव दिलं जातं.

बलात्काराच्या पीडितांबरोबर काम करतानाच घडलेली एक पद्धत आहे, सीपीटी (कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी). बारा सेशन, आठवड्याला एक किंवा दोन. तिच्यात महिनोन्महिने तयारी करत बसत नाहीत. पहिल्या सेशनला लक्षणं का टिकतात ते समजावतात आणि घरी एक पान लिहायला देतात. त्यात घटना लिहायची नसते. 'हे माझ्या बाबतीत का घडलं असं मला वाटतं, आणि त्यानंतर माझ्याबद्दल, इतरांबद्दल, जगाबद्दल मला काय वाटू लागलं' एवढंच. त्या पानातून अडकलेली वाक्यं बाहेर काढतात. 'मी त्या रिक्षात बसलेच का.' 'मी आधी त्याच्याशी हसून बोलले होते.' 'आता माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.' मग प्रत्येक वाक्य घेऊन तपासायचं. रिक्षात बसण्याआधी तुला काय माहीत होतं? त्या दिवशी त्या स्टँडवरून आणखी किती जणी बसल्या असतील? हसून बोलणं आणि संमती यांच्यात किती अंतर आहे? थेरपिस्टने 'तुझी चूक नव्हती गं' असं सांगून टाकायचं नाही, ते तिने घरी शंभरदा ऐकलेलं असतं आणि ते आत उतरलेलं नसतं. प्रश्न विचारत तिला स्वतःला तिथे पोचू द्यायचं. शेवटची पाच सेशन सुरक्षितता, विश्वास, स्वतःच्या हातातलं नियंत्रण, स्वतःची किंमत आणि जवळीक यांवर. घटनेचं सविस्तर वर्णन लिहिणं या पद्धतीत ऐच्छिक आहे. त्याशिवायही ती चालते. ज्या बायका 'परत सगळं सांगायला लावतील' म्हणून पळतात त्यांना हे आधी सांगा.

दुसरी पद्धत दीर्घ एक्सपोजरची, आठ ते पंधरा सेशन, नव्वद-नव्वद मिनिटांची. तिच्यात आठवण मुद्दाम, टप्प्याटप्प्याने, पुन्हा पुन्हा सांगितली जाते. तिसरी ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली करत आठवणीवर काम करण्याची पद्धत. लहान मुलांसाठी टीएफ-सीबीटी (ट्रॉमावर केंद्रित, विचार-वर्तनावर काम करणारी थेरपी), साधारण बारा ते सोळा सेशन, आणि तिच्यात शक्यतो पालकांनाही घेतात.

प्रगती मोजायला पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची यादी असते, एकूण गुण ८०. ३१ ते ३३ च्या वर असेल तर पीटीएसडीची दाट शक्यता. दर एक-दोन आठवड्यांनी भरून घेतली तर पाच-सहा सेशननंतर आकडा हलतोय की नाही ते दिसतं. हलत नसेल तर थेरपिस्टने पद्धत बदलायची, किंवा दुसरीकडे पाठवायचं.

एक अडचण परदेशी मॅन्युअलांत सापडत नाही: घरचा अभ्यास ठेवायचा कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, आणि मोबाइल भावाच्या हातात. लिहिलेलं पान गादीखाली सापडलं की सगळं संपलं. पानं काउन्सेलरकडेच ठेवायची, अर्धा तास आधी येऊन तिथेच लिहायची. ऑनलाइन सेशन असेल तर एक साधं वाक्य ठरवून ठेवायचं, 'ब्लाउजचं माप नंतर सांगते' असं काहीतरी. ती ते बोलली की समजायचं खोलीत कुणी आलंय आणि विषय बदलायचा.

उपवन

पारसिक, सहा महिने नुसते श्वास घेणाऱ्यांबद्दल मान्य. पण एक अट लिहून ठेवतो. करणारा माणूस अजून त्याच घरात राहत असेल, काका असो, सासरा असो की नवरा, तर सीपीटी किंवा एक्सपोजर सुरू करण्याआधी राहण्याची सोय झाली पाहिजे. जिथे धोका आजचा आहे तिथे भीती हे लक्षण नव्हे. अलीकडेच जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न झाला असेल किंवा रोजची दारू असेल तर तेही आधी. याखेरीज लांबण लावायला कारण नसतं.

खटला चालू असेल तर आणखी एक. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं जे कवच आहे तसं थेरपीला नाही, कोर्ट नोंदी मागवू शकतं. म्हणून नोंदी थोडक्यात आणि तिच्याच शब्दांत ठेवायच्या. काउन्सेलरचे तर्क त्यात नकोत. समन्स आलं, उलटतपासणीची तारीख लागली, घटनेचा वार-महिना आला की लक्षणं उसळतात. आजार परतला असं समजून घाबरू नये, त्या आठवड्यात एक जादा सेशन ठेवावं.

शरीराच्या तक्रारीही सांगून ठेवा. ओटीपोटात सतत दुखणं, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तपासणीच्या टेबलवर आखडून जाणं. डॉक्टरला एवढंच सांगितलं तरी चालतं: 'मला तपासणीची भीती आहे, प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा, आणि थांब म्हटलं की थांबा.' कारण सांगायची सक्ती नाही.

आणि मुलगे, पुरुष. न्याय संहितेतलं बलात्काराचं कलम सज्ञान पुरुष पीडिताला लागत नाही, पॉक्सो मात्र मुलगा-मुलगी भेद करत नाही. उपचार दोघांना तेच. मुलग्यांना सर्वात जास्त छळतो तो अत्याचाराच्या वेळी शरीराने दिलेला लैंगिक प्रतिसाद. तो घर्षणाचा, भीतीचा परिणाम असतो, इच्छेचा पुरावा नव्हे. हे त्याला वैद्यकीय भाषेत, न लाजता सांगायला हवं.

तिसरा_मजला_ओपीडी (मानसोपचार)

गोळ्यांचं थोडक्यात. सगळ्यांना लागत नाहीत. लागल्या तर सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिन या गटातल्या, सर्ट्रालिन बहुधा २५ किंवा ५० मिग्रॅपासून सुरू करतात. पहिले दहा-पंधरा दिवस मळमळ, अस्वस्थता, कधी झोप आणखी बिघडते. फायदा दिसायला चार ते सहा आठवडे. बायका नेमक्या दुसऱ्या आठवड्यात 'गोळीने वाढलं' म्हणून बंद करतात. विशीतल्या मुलींमध्ये सुरुवातीला आत्महत्येच्या विचारांवर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. बरं वाटलं म्हणून एकदम तोडायच्या नाहीत, डॉक्टरांकडून उतरवून घ्यायच्या.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे झोपेच्या-शांततेच्या गोळ्या ओळखीच्या केमिस्टकडून आणून देणं हा घरोघरचा उद्योग आहे. ट्रॉमात त्या टाळतात. सवय लागते, आणि थेरपीत जे शिकायचं ते सुस्तीत शिकलं जात नाही.

खारीगाव_कट्टा

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून गटप्रमुखांना देते आहे. आणखी एक प्रश्न. एका मुलीचं कॉलेज वाशीला आहे. ठाण्याहून ट्रेन पकडायची म्हटली की हातपाय गळतात, गर्दीत कुणाचा हात लागला की श्वास अडकतो. दोन महिने कॉलेज बंद आहे. ज्याने केलं तो तुरुंगात आहे, ट्रेनशी त्याचा संबंध नव्हता. थेरपी सुरू झाली आहे. घरचे म्हणतात कॉलेज सोड, चांगलं स्थळ आलंय, लग्न झालं की विसरेल.

पारसिक

लग्नाचं आधी. लग्नाने विसर पडत नाही. ज्या जवळिकीने त्रास उसळतो तीच रोज रात्री समोर येते, आणि घर नवं, त्यात मनातलं बोलायला कुणी नाही. आई-वडिलांना एका सेशनला बोलवायला थेरपिस्टला सांगा, मुलीची परवानगी घेऊन. घरच्यांना सांगण्यासारखं काम म्हणजे तिच्या खोलीत शिरण्याआधी आवाज देणं, मागून हात न लावणं, आणि तिला लहानसहान निर्णय परत करणं: जेवायला काय, आज बाहेर जायचं की नाही.

ट्रेनसाठी पायऱ्या करायच्या. थेरपिस्टबरोबर बसून प्रत्येक प्रसंगाला ० ते १०० मध्ये भीतीचा आकडा द्यायचा आणि ३०-४० वाल्यापासून सुरुवात. उदाहरणार्थ, दुपारी दीडला ठाण्याच्या प्लॅटफॉर्म दहावर बाकावर बसणं, गाडीत न चढता. मग दुपारच्या रिकाम्या लेडीज डब्यात मैत्रिणीबरोबर वाशीपर्यंत. मग तसंच, पण मैत्रीण शेजारच्या डब्यात. मग एकटी. मग अकराची गाडी. सकाळी नऊची सगळ्यात शेवटी.

इथे हमखास एक गफलत होते. सोपं पडावं म्हणून पहिल्या फेरीला दिघा गाव किंवा ऐरोलीला उतरवतात. तो प्रवास इतका छोटा की भीती चढत असतानाच स्टेशन येतं, ती उतरते, आणि मेंदू शिकतो: उतरले म्हणून वाचले. भीती स्वतःहून खाली यायला वेळ द्यावा लागतो, अर्धा-पाऊण तास धरा. त्यापेक्षा कमी गर्दीची पण लांब फेरी बरी. ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास लागतो, उतरल्यावर लगेच स्टेशनबाहेर न पडता प्लॅटफॉर्मवर बसून राहायचं, आकडा निम्म्यावर येईपर्यंत. चढताना किती, घणसोलीला किती, वाशीला किती, हे तीन आकडे वहीत. एकच पायरी आठवड्यात तीन-चार वेळा. आठवड्यातून एकदा केली तर दर वेळी नव्याने सुरुवात होते.

सोबतीच्या कुबड्याही हळूहळू काढायच्या. पूर्ण प्रवास आईशी फोन चालू ठेवणं, कानात मोठ्याने गाणी लावून काहीच ऐकू न येऊ देणं, दारापाशीच उभं राहणं. बॅग पुढे धरणं सोडवायला जाऊ नका, ते त्या गाडीतल्या सगळ्याच जणी करतात. खरोखर कुणी त्रास दिला तर ती सरावाची पायरी नव्हे. तिथे आरडाओरडा, साखळी, रेल्वे हेल्पलाइन १३९.

एखाद्या दिवशी जमलं नाही, ती मधेच उतरली, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एक पायरी खालून पुन्हा. आठवडाभर गॅप पडू द्यायचा नाही.

कॉलेज सोडायची गरज नाही, हजेरीत सवलत मागता येते. त्यासाठी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर 'उपचार सुरू आहेत, अमुक तारखेपर्यंत विश्रांतीचा सल्ला' एवढंच पुरतं. निदान किंवा कारण लिहू नका असं डॉक्टरांना प्रमाणपत्र लिहायच्या आधी सांगा, कारण कॉलेजच्या खिडकीवरून तो कागद चार टेबलं फिरतो.